७० मार्क पडले, तरी रंग पिवळा का? गेम आणि गाण्यांच्या रिव्ह्यूमधले आकडे असे वाचा



"दादा, सत्तर म्हणजे फर्स्ट क्लासच्या वर ना? मग इथे पिवळं का दाखवतंय?"

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात आमच्या सोसायटीत अकरावीचा एक मुलगा राहतो, त्याचा हा प्रश्न. वाढदिवसाचे पैसे साठले होते आणि ताईच्या लॅपटॉपवर 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम घ्यायचा विचार चालला होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला हा गेम २०२० मध्ये आला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या राजी नावाच्या मुलीची ही गोष्ट आहे. मेटाक्रिटिक या साइटवर समीक्षकांची सरासरी सत्तरच्या आसपास, आणि भोवती पिवळा रंग. पिवळा म्हणजे 'मिश्र किंवा साधारण'. याच गेमला त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी नामांकनही होतं. आता पोराने कशावर विश्वास ठेवायचा?

प्रश्न छोटा वाटतो, पण आपण सगळेच रोज अशा आकड्यांवरून निर्णय घेतो. दिवसाला दीड जीबी डेटा असतो, त्यातला एक जीबी कोणत्या गेमवर घालवायचा? फोनमध्ये जागा नाही, मग काय उडवायचं? हजार-दीड हजारांचा गेम घ्यायचा की नाही? रिव्ह्यू वाचायला वेळ नसतो, म्हणून आपण फक्त आकडा बघतो. आणि गंमत अशी की तोच आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं बोलतो. आज हीच भानगड सोडवूया.

आकडा एक, अर्थ दोन

मेटाक्रिटिकचं काम सोपं आहे. वेगवेगळ्या समीक्षकांचे स्कोअर गोळा करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि १०० पैकी एक आकडा दाखवायचा. ही साइट २००१ पासून चालू आहे. गेम, सिनेमा, मालिका, गाण्यांचे अल्बम, सगळं तिथे असतं.

आता नीट बघा. गेमसाठी हिरवा रंग ७५ पासून सुरू होतो. ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. आणि संगीतासाठी? तिथे ६१ लाच हिरवा रंग मिळतो. ४० ते ६० पिवळा आणि ४० च्या खाली लाल.

म्हणजे एखाद्या अल्बमला ७० मिळाले, तर साइट म्हणते 'बहुतेकांना आवडला'. गेमला ७० मिळाले, तर तीच साइट म्हणते 'मिश्र प्रतिसाद'. ४५ चा गेम लाल आणि ४५ चा अल्बम पिवळा! ही चूक नाही, साइटने मुद्दाम ठेवलेला फरक आहे. कारण गेमचे समीक्षक एकूणच जास्त मार्क देतात. सगळे जास्त देत असतील, तर 'चांगलं' म्हणण्याची रेघही वर सरकवावी लागते.

इथेच आजचा मुख्य मुद्दा येतो. स्कोअर म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा नव्हे. एक किलो साखर बदलापुरातही एक किलो आणि न्यूयॉर्कमध्येही एक किलोच. पण 'दहापैकी सात' हा शब्दासारखा असतो. तो कोण, कुठे, कोणत्या सवयीने बोलतोय, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

आपल्या डोक्यातली मोजपट्टी कुठून आली?

दहावीतून! महाराष्ट्र बोर्डात ३५ ला पास, ४५ ला सेकंड क्लास, ६० ला फर्स्ट क्लास आणि ७५ ला डिस्टिंक्शन. ही पट्टी आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसलीय की ७० दिसले की हात आपोआप पेढ्यांकडे जातो.

अमेरिकेतल्या शाळांची पट्टी वेगळी आहे. तिथे साधारणपणे ९० च्या वर 'ए', ८० च्या घरात 'बी', ७० च्या घरात 'सी', ६० च्या घरात 'डी' आणि ६० च्या खाली थेट नापास. आपला फर्स्ट क्लास जिथे सुरू होतो, तिथे त्यांचं नापास होणं जेमतेम टळतं! आयजीएन, गेमस्पॉट अशा मोठ्या गेमिंग साइट अमेरिकेतल्या. त्यांचे लिहिणारे आणि मूळ वाचक त्याच शाळांतून आले. त्यामुळे त्यांच्या तोंडचा 'सात' आपल्याला वाटतो त्याहून बराच थंड असतो.

बरं, पट्टी आपल्याकडेही जागेवर राहिलेली नाही. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या काळात ६० टक्के म्हणजे गावात चर्चा. आज ८५ मिळाले तरी शेजारच्या काकू विचारतात, "थोडे कमी पडले का रे?" मार्क वाढत गेले की प्रत्येक मार्काची किंमत उतरत जाते. रिव्ह्यूमध्येही नेमकं हेच घडतं.

'वरचा सा' आठवतोय?

संगीतातलं अगदी घरचं उदाहरण घेऊ. झी मराठीवर २००८-०९ मध्ये 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' गाजलं होतं. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत हे पाच जण तेव्हा घराघरांत पोहोचले. तुमच्यापैकी काही जण तेव्हा पाळण्यात असाल, पण घरच्यांना विचारा, कोणीतरी नक्की सांगेल.

तिथे परीक्षक मार्क आकड्यांत न देता सुरांत द्यायचे. गाणं झालं की 'ध' मिळायचा, 'नि' मिळायचा, आणि फारच कमाल झाली तर 'वरचा सा'. आता गणित बघा. खालच्या सापासून वरच्या सापर्यंत एकूण आठ पायऱ्या. पण प्रेक्षकांच्या कानांना सवय झाली ती वरच्या दोन-तीन पायऱ्यांची. कागदावर बघितलं तर 'ध' हा आठातला सहावा, म्हणजे चांगलाच. घरी सोफ्यावर बसलेल्या प्रेक्षकाला मात्र 'ध' ऐकून चुटपुट लागायची, "अरेरे, फक्त ध?"

याला म्हणतात पट्टी आकसणं. पट्टी आठ पायऱ्यांची असते, वापरात तीनच येतात. आणि याला कारणही असतं. त्या मंचापर्यंत पोहोचलेली मुलं हजारोंमधून निवडलेली होती. वाईट गाणारं तिथे कोणी नव्हतंच. मग 'रे' आणि 'ग' द्यायचा कोणाला?

प्रेक्षकांना हे कोणी शिकवलं नव्हतं. दोन-चार भाग बघितले की आपोआप कळायचं की इथे 'ध' म्हणजे काय. अडचण तेव्हा होते, जेव्हा एका मंचाची पट्टी घेऊन आपण दुसऱ्या मंचावरचे मार्क वाचतो.

गेमला सातच्या खाली का कोणी जात नाही?

गेमच्या रिव्ह्यूमध्येही तेच होतं. रोज शेकडो गेम येतात, पण मोठ्या साइट रिव्ह्यू करतात ते निवडक, पैसा खर्च करून बनवलेले. अगदीच भंगार गेम त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरं कारण म्हणजे गेममध्ये तपासण्यासारख्या गोष्टी असतात. ग्राफिक्स बरे आहेत, कंट्रोल चालतात, मध्येच बंद पडत नाही, एवढं जमलं की समीक्षकाच्या मनात पाच-सहा मार्क होऊनच जातात. मजा येते की नाही, हे उरलेल्या मार्कांत. गाण्याचं तसं नसतं. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे म्हणून कोणी अल्बमला पाच मार्क देत नाही. तिथे सुरुवातच आवडीनिवडीपासून होते. म्हणून संगीताचे समीक्षक पट्टीची खालची बाजूही वापरतात.

पिचफोर्क ही अमेरिकी संगीत साइट ०.० ते १०.० असे दशांशात मार्क देते. म्हणजे अल्बमला ७.३ की ७.४, हेसुद्धा ठरवते! पण गाण्यात ७.३ आणि ७.४ मध्ये फरक काय, हे कोणाला सांगता येईल? त्यांनाही तो पुढे पटेलच असं नाही. २०२१ मध्ये पिचफोर्कने आपल्याच १९ जुन्या अल्बमचे मार्क बदलून लिहिले. डाफ्ट पंकच्या २००१ मधल्या 'डिस्कव्हरी'ला आधी ६.४ होते, ते थेट १० झाले. अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता. बदलले ते ऐकणारे आणि काळ.

गेमचं उलट आहे. तिथे वस्तूच बदलते. 'नो मॅन्स स्काय' २०१६ मध्ये आला तेव्हा लोक इतके चिडले होते की स्टीमवर शिव्यांचा पाऊस पडला. बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले आणि २०२४ मध्ये तिथला एकूण शेरा 'व्हेरी पॉझिटिव्ह' झाला. त्यामुळे गेमचा जुना स्कोअर वाचताना तारीख बघायलाच हवी. कदाचित तो रिव्ह्यू ज्या गेमचा होता, तो गेम आता उरलेलाच नाही.

सरासरी शिजते कशी?

सगळेच समीक्षक १०० पैकी मार्क देत नाहीत. कोणी पाच तारे देतं, कोणी 'ए', 'बी', 'सी' देतं. मेटाक्रिटिक या सगळ्याचं १०० मध्ये रूपांतर करतं. 'बी प्लस'चे होतात ८३, 'बी'चे ७५, 'बी मायनस'चे ६७ आणि 'सी'चे ५०. पाचपैकी तीन ताऱ्यांचे सरळ ६०.

आता मराठी पेपरातलं सिनेमाचं परीक्षण आठवा. तीन तारे म्हणजे आपण काय समजतो? 'एकदा बघायला हरकत नाही.' हाच सूर धरून एखाद्याने गेमला तीन तारे दिले की त्याचे झाले ६०. आणि गेमच्या दुनियेत ६० म्हणजे 'लांबच राहा'. लिहिणाऱ्याच्या मनातलं 'हरकत नाही' वाचणाऱ्यापर्यंत 'नको रे बाबा' होऊन पोहोचलं. मधे खोटं कोणीच बोललं नाही, फक्त पट्टी बदलली.

शिवाय ही साधी सरासरी नसते. काही साइटना जास्त वजन दिलं जातं, काहींना कमी. कोणाला किती, हे मेटाक्रिटिक सांगत नाही.

'राजी'कडे परत बघूया. बहुतेक रिव्ह्यूंमध्ये चित्रं, वातावरण आणि गोष्ट सांगण्याची पद्धत यांचं कौतुक होतं. तक्रारी होत्या त्या लढाईच्या रटाळपणाबद्दल, गेम लहान असण्याबद्दल आणि अचानक संपण्याबद्दल. म्हणजे सत्तर हा 'सगळंच साधारण' असा सत्तर नव्हता. काही गोष्टींना नव्वद, काहींना पन्नास, आणि मधे सत्तर. ज्याला दिवसभर मारामारी हवी त्याच्यासाठी तो पन्नासचा गेम. ज्याला आपल्याकडची देवळं, बाहुल्यांचे खेळ आणि पुराणातली गोष्ट गेममध्ये बघायचीय त्याच्यासाठी तोच नव्वदचा. सत्तरचा अनुभव कदाचित कोणालाच येणार नाही!

प्ले स्टोअरचे तारे: सरासरीमागचा चेहरा बघा

आता आपल्या फोनकडे येऊ. प्ले स्टोअरवर समजा दोन गेम आहेत, दोन्हींना ३.६ तारे.

पहिल्या गेमला १०० जणांनी रेटिंग दिलं. ६० जणांनी चार तारे, ४० जणांनी तीन. सरासरी ३.६.

दुसऱ्या गेमलाही १०० जणांनीच दिलं. ६० जणांनी पाच तारे, १० जणांनी तीन आणि ३० जणांनी एक. सरासरी पुन्हा ३.६!

पहिला गेम सगळ्यांना बरा वाटलाय. दुसरा बहुतेकांना प्रचंड आवडलाय, पण तिघांतल्या एकाच्या जवळपास लोकांचं काहीतरी मोठं बिघडलंय. कदाचित त्यांच्या फोनवर तो चालतच नाही, कदाचित पैसे कापले गेलेत. हे आकड्यात दिसत नाही, बाजूच्या आडव्या पट्ट्यांत दिसतं. म्हणून आधी पट्ट्या बघा, मग आकडा. ऑनलाइन रेटिंगमध्ये दुसरा प्रकारच जास्त दिसतो. ज्याला 'बरा' वाटला तो उठून तारे द्यायला जातच नाही. जातात ते एकदम खूश झालेले किंवा एकदम भडकलेले.

अजून एक बारीक गोष्ट. प्ले स्टोअरवर शून्य देता येत नाही, किमान एक तारा द्यावाच लागतो. त्यामुळे पट्टीचा मध्य अडीच नसून तीन आहे.

आणि तुम्हाला दिसणारा आकडा सगळ्यांना तसाच दिसतो असंही नाही. २०१९ पासून गूगल जुन्या रेटिंगपेक्षा ताज्या रेटिंगला जास्त महत्त्व देतं. नोव्हेंबर २०२१ पासून तुमच्या देशातल्या लोकांचं रेटिंग तुम्हाला दिसतं. २०२२ पासून फोन, टॅबलेट असं उपकरणानुसारही ते वेगळं होऊ लागलं. त्यामुळे दुबईतल्या मामाला दिसणारे तारे आणि तुमचे तारे जुळले नाहीत, तर भांडू नका. दोघंही बरोबर असू शकता.

उपकरणाचा फरक किती मोठा असतो, ते 'सायबरपंक २०७७'ने दाखवलं. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या या गेमला मेटाक्रिटिकवर पीसीसाठी ८६ आणि प्लेस्टेशन ४ साठी ५७ आहेत. नाव तेच, गेम तोच. पण जुन्या मशीनवर तो इतका अडखळत होता की सोनीने काही काळ तो आपल्या स्टोअरमधून काढूनच टाकला. महागड्या फोनवाल्या यूट्यूबरने दहा मार्क दिले, म्हणून तुमच्या ४ जीबी रॅमच्या फोनवर दहा मार्कांची मजा येईलच असं नाही.

रागाचे तारे

कधीकधी तारे ॲपबद्दल नसतातच. मे २०२० मध्ये भारतात यूट्यूब विरुद्ध टिकटॉक असा वाद पेटला. लोकांनी टिकटॉकवर एक-एक ताऱ्याचा मारा केला आणि साडेचारच्या आसपास असलेलं रेटिंग सव्वाच्या घरात आलं. मग गूगलने लाखो रिव्ह्यू उडवले आणि रेटिंग पुन्हा वर गेलं. या काळात ॲपमध्ये काहीच बदललं नव्हतं. तो आकडा लोकांचा राग मोजत होता.

त्याहून भारी किस्सा २०१७ चा. स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब देश म्हटल्याची बातमी आली, लोक भडकले आणि एक तारा द्यायला धावले. त्यात बिचाऱ्या स्नॅपडीललाही एक तारा मिळाला! फक्त नाव जवळचं होतं म्हणून.

'फौजी' गेमचंही आठवत असेल. २६ जानेवारी २०२१ ला तो आला, सुरुवातीला रेटिंग दणक्यात होतं आणि काही दिवसांतच झपाट्याने उतरलं. सुरुवातीचे तारे बरेचसे अभिमानाचे होते, नंतरचे बरेचसे अपेक्षाभंगाचे. लोकांना पबजीसारखं काहीतरी हवं होतं आणि हातात आलं ते फक्त कॅम्पेन मोड. गेम कसा आहे, हे शोधायला दोन्हीकडचे तारे थोडे बाजूला सारावे लागतात.

आणि गाण्यांचं काय?

आपल्याकडे गाण्यांना तारे कोणी देत नाही. तिथे स्कोअरचं काम व्ह्यूज करतात. 'एवढे मिलियन झाले' म्हटलं की गाणं हिट. पण व्ह्यू म्हणजे 'आवडलं' नव्हे, व्ह्यू म्हणजे 'समोर आलं'. जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या 'पागल' गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा दावा झाला. त्यावर जाहिरातीतून आलेल्या व्ह्यूजची मोठी चर्चा झाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की पैसे देऊन मिळवलेले जाहिरातींचे व्ह्यूज आता म्युझिक चार्टसाठी धरले जाणार नाहीत.

काहींनी पट्टीच मोडून टाकली

यूट्यूबवरही पूर्वी पाच तारे होते. २००९ मध्ये यूट्यूबनेच सांगितलं की जवळजवळ सगळे लोक पाचच तारे देतात, मधले तारे कोणी वापरतच नाही. मग २०१० मध्ये अंगठा आला. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तेच केलं. युरोगेमर या ब्रिटिश साइटने २०१५ मध्ये दहापैकी मार्क देणं बंद केलं, पण पुढे २०२३ मध्ये पाच तारे परत आणले. आकड्याशिवाय वाचकाचं भागत नाही, हेही खरं!

स्टीमवर खेळणारे फक्त 'शिफारस करतो' किंवा 'करत नाही' एवढंच सांगतात. त्यामुळे तिथले ९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ मार्क नव्हेत, तर शंभरातल्या नव्वद जणांचा अंगठा वर. शंभरच्या शंभर जणांना गेम जेमतेम बरा वाटला आणि सगळ्यांनी अंगठा वर केला, तरी १०० टक्के दिसणार. टक्केवारी सांगते किती जण खूश आहेत. किती खूश आहेत, ते ती सांगत नाही.

मग आकडा वाचायचा कसा?

माझ्या सवयीचे पाच प्रश्न देतो. अर्धा मिनिटही लागत नाही.

१. पट्टी कोणाची? गेमला ७० आणि अल्बमला ७० एक नव्हेत. त्या साइटने तुम्हाला आवडलेल्या दोन गेमना किती दिलेत ते बघा. तुमच्या आवडत्या गेमला तिथे साडेसात असतील, तर तिथला साडेसात तुमच्यासाठी चांगलाच आहे.

२. किती जणांनी दिलं? सहा जणांनी दिलेले ५.० आणि साठ हजारांनी दिलेले ४.३, यात काय निवडाल? एक सोपी युक्ती. मनातल्या मनात दोन एक-ताऱ्याचे रिव्ह्यू वाढवा. सहा जणांचे ३० आणि हे २, एकूण ३२, भागिले ८, आले ४.०. साठ हजारवाल्याला मात्र धक्काही लागत नाही.

३. पट्ट्या कशा आहेत? मधे जास्त की दोन्ही टोकांना जास्त? टोकांना असतील तर एक ताऱ्याचे चार ताजे रिव्ह्यू वाचा. तक्रार तुमच्या फोनशी, नेटशी, खिशाशी जुळते का बघा. मुंबईहून सुटलेल्या आपल्या बदलापूर लोकलमध्ये मधेच नेट जातं. सतत नेट मागणारा ४.८ चा गेम तिथे काय कामाचा?

४. कधीचा? गेमसाठी ताजा रिव्ह्यू, शेवटच्या अपडेटनंतरचा.

५. आकड्यामागे वाक्य काय? तीन रिव्ह्यूंमध्ये एकच तक्रार येत असेल तर ती खरी धरा. आणि मग विचारा, मला त्याचा त्रास होणार आहे का?

तुमचा एक तारा कुठे जातो?

शेवटी उलट बाजू. आपण आकडे नुसते वाचत नाही, देतोही. आणि त्यावर कोणाचं तरी पोट असतं. 'फॉलआउट: न्यू वेगस' हा २०१० चा गेम. बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. एका मार्काने बोनस गेला. हे त्यांच्याच ख्रिस ॲव्हेलोनने २०१२ मध्ये सांगितलं. दशांशाला दशांश लावून काढलेल्या त्या सरासरीत ८४ आणि ८५ मध्ये काय फरक होता? खेळणाऱ्याला तो कधीच जाणवला नसता. पगाराच्या दिवशी मात्र जाणवला असणार.

पुणे, नवी मुंबई, बंगळूरमधल्या छोट्या टीमचंही तसंच. पाचशे रेटिंग असलेल्या गेमला तुमचा तारा पाच कोटीवाल्या गेमपेक्षा कितीतरी जड पडतो. म्हणून तारा देताना दोन गोष्टी बघा. लेव्हल जिंकल्या जिंकल्या ॲप रेटिंग मागतं, कारण तेव्हा तुम्ही खूश असता. लगेच देऊ नका, दोन दिवस खेळून द्या. आणि ताऱ्यासोबत एक ओळ लिहा: कोणता फोन, काय आवडलं, काय अडलं. 'तीन तारे' याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या पट्टीने लावेल. 'फोन तापतो, पण गोष्ट मस्त आहे' याचा अर्थ हेंद्रेपाड्यातही तोच आणि हैदराबादमध्येही तोच.

त्या अकरावीच्या पोराने काय केलं, हे तुम्ही विचारणारच. त्याने आकडा सोडून तीन रिव्ह्यू वाचले, पंधरा मिनिटांचा एक गेमप्ले व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, "दादा, मारामारी कमी चालेल मला, गोष्ट भारी वाटतेय." सत्तर हिरवा की पिवळा, हा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.